बाळंतिणीचे वार

आमच्या स्वयंपाकघराच्या दाराआड 2023 सालचं कालनिर्णय अजून टांगलेलं आहे, जुलैच्या पानावर उघडं. प्रत्येक वारापुढे पेन्सिलीने एकेक घर लिहिलंय. सोमवार खालचं घर, मंगळवार शाळेकडची काकी, बुधवार वडाकडचे, असं रविवारपर्यंत. अक्षर सासऱ्यांचं, सांगणं सासूबाईंचं. पहिल्या पावसात खळ्यातल्या शेवाळावरून त्या घसरल्या आणि उजवा हात मनगटात मोडला. मला नववा लागला होता.

मी मूळची कल्याणची. आई 2019 मध्ये गेली, त्यामुळे पहिलं बाळंतपण माहेरी हा प्रश्नच उरला नव्हता. नवरा मुंबईत नोकरीला, तिथे दोन मित्रांबरोबर एका खोलीत. म्हणून मालवण तालुक्यातल्या या खाडीकाठच्या गावात, सासरीच बाळंत व्हायचं ठरलं. सासूबाई सगळं करणार होत्या. तो हात प्लास्टरमध्ये गेला तेव्हा त्या रडल्या त्या दुखण्याने नव्हे, 'आता चेडवाचा कोण करतला' म्हणून.

बाळंतपणात 'वार' हा शब्द मी दोनदा ऐकला. एकदा ऑपरेशनच्या टेबलावर, पडद्यापलीकडून, वार (प्लॅसेंटा) पूर्ण आली म्हणून. दुसऱ्यांदा घरी आल्यावर, वाडीने माझे वार लावले म्हणून. पूर्वी गरिबाची मुलं शिकायला परगावी राहायची आणि सात घरी सात वार जेवायची, ते ऐकून होते. फरक इतकाच की मी घरात बसून होते आणि वार चालत माझ्याकडे येत होते.

असं का झालं त्याचं कारण अगदी व्यवहाराचं आहे. मुलगी झाली 29 जूनला, आषाढी एकादशीला. त्या वर्षी पाऊस रेंगाळला होता आणि जूनच्या शेवटी एकदम सुरू झाला. म्हणजे मी सहाव्या दिवशी टाके घेऊन घरी आले तेव्हा वाडीतली प्रत्येक बाई तरवा (भाताची रोपं) काढायला नाहीतर लावणीला पाण्यात उभी होती. रोज येणं कुणालाच जमणारं नव्हतं. बचत गटाच्या बैठकीत खालच्या घरच्या काकीने सांगितलं, रोज सगळ्यांनी येण्यापेक्षा एकेकीने एकेक वार घ्या. चौदा घरांतली सात तयार झाली. उरलेल्यांपैकी काहींनी नारळ पाठवले, काहींनी सल्ले.

सिझेरियन सरकारी रुग्णालयात झालं. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात ऑपरेशन, औषधं, सात दिवसांपर्यंतचं जेवण, घरी सोडणारी गाडी, सगळं मोफत असतं, आणि आम्हाला ते मिळालं. त्याबद्दल जास्त लिहिण्यासारखं नाही. सगळं सुरळीत झालं की लिहायला काही उरत नाही.

घरचं मात्र लिहिण्यासारखं आहे.

सकाळी दहाच्या सुमाराला उकड्या तांदळाची पेज यायची, वर तुपाची धार आणि बाजूला लसणीची चटणी. दुपारी कुळथाची पिठी, मऊ भात, शेगलाच्या (शेवग्याच्या) पाल्याची भाजी. बाळंतिणीला मोरीचं (लहान शार्क माशाचं) कालवण द्यायची आमच्याकडे पद्धत. दूध वाढतं म्हणतात. पण 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद, ताजी मोरी आणायची कुठून? मंगळवारच्या काकीने खाडीतल्या तिसऱ्या (शिंपल्या) आणल्या, त्यावरून बुधवारच्या घराशी तिचा वाद झाला. तिसऱ्या थंड की उष्ण, हा निकाल अजून लागलेला नाही. मी तोपर्यंत खाऊन मोकळी झाले होते. रात्रीसाठी हळिवाचे लाडू, नारळाच्या दुधात भिजवून केलेले. बायका यायच्या त्या पोटऱ्यांपर्यंत चिखलाने भरलेल्या, डोक्यावर प्लास्टिकचा कागद, पदराखाली डबा. पडवीत पाय धुवायच्या आणि मग आत. त्या ओल्या मातीच्या वासाने मला आजही पेज आठवते.

न्हाऊ घालायला एक मावशी यायची. तिला आधी पटवावं लागलं. टाके आहेत, पोट चोळायचं नाही, फक्त पाठ, कंबर, पाय. तिच्या दृष्टीने हे न्हाणं नव्हतंच, पोटाला हात लावल्याशिवाय बाई सुटी होते कशी. पण कंबरेला तिने जे तेल जिरवलं त्याची सर कुठल्याच गोळीला नाही.

आता यातलं जे चुकीचं होतं तेही सांगते, कारण 'पूर्वीच्या बायकांना सगळं कळायचं' हे मला मान्य नाही. पहिली गोष्ट पाण्याची. 'पाणी पिव नको गो, पोट सुटतला.' दिवसाला दोन भांडी, तीही मोजून. टाके, लोहाच्या गोळ्या आणि पाणी नाही, म्हणजे संडासला बसल्यावर डोळ्यांतून पाणी. दुसरी गोष्ट धुरीची. दारं-खिडक्या लावून, खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी, वर ओवा, बाळंतशेपा आणि वेखंड. मुलगी सहा दिवसांची, तिला शिंका आणि मला खोकला; खोकला आला की टाक्यांतून कळ.

आशाताई, म्हणजे आमच्या गावची आशा सेविका, पहिल्यांदा आली ती सातव्या दिवशी, 5 जुलैला. दवाखान्यात साधं बाळंतपण झालं तर आशाच्या सहा भेटी असतात, तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्यापर्यंत. सिझेरियनची बाई घरीच उशिरा येते म्हणून पाच: सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा, बेचाळिसावा दिवस. घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याची ही पद्धत मुळात आपल्याच राज्यातली, गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावच्या बायकांना शिकवून उभी केलेली. 2011 पासून ती देशभर आशांकडे आली. आशाताईने पिशवीतून झोळीचा काटा काढला, मुलीचं वजन केलं, थर्मामीटर काखेत लावलं, पोटाकडे बघत मिनिटभर श्वास मोजले.

मग तिने आमच्या खोलीत जे केलं ते मी जन्मात विसरणार नाही. तिने कुणालाही चूक म्हटलं नाही. सासूबाईंना म्हणाली, 'काकी, साधा पाणी नको म्हणतास ना, मग ओव्याचा देवा. जिऱ्याचा देवा. पेजेची निवळ देवा. दर पाजण्याक एक भांडा.' ओव्याचं पाणी औषधात मोडत असल्यामुळे त्यावर बंदी नव्हती. दोन दिवसांत मी दहा भांडी पिऊ लागले आणि सासूबाई 'बघ, ओव्यान गुण इलो' म्हणून खूश. धुरीचंही तसंच. मायलेकी पडवीत असताना खोलीला आणि कपड्यांना धुरी द्यायची, निखारे बाहेर काढायचे, खिडकी उघडायची, मग आम्ही आत. मावशीला तिचा धूर मिळाला, आम्हाला हवा मिळाली. बाळगुटीबद्दल मात्र ती हटली नाही: सहा महिने आईचं दूध, पाणीसुद्धा नाही. सासूबाईंनी हो म्हटलं. एकदा सहाणेवर ओलावा दिसला होता, तो विषय मी वाढवला नाही.

जाताना तिने बोटं मोजत सांगितलं: तासाभरात पॅड भिजलं, ताप आला, अंगावरून जाणाऱ्याला घाण वास आला, टाक्यांतून पू आला, एकाच पायाची पोटरी सुजून दुखली, डोकं फुटेल असं दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर वार बघायचा नाही, वेळ बघायची नाही, फोन करायचा.

बारसं 10 जुलैला झालं. साठेक माणसं. मी साडेचार तास खुर्चीवर, मुलगी या हातातून त्या हातात. ती रडली की कुणीतरी खेळवायचं, आणि 'थांब, आधी ओटी भरूया' म्हणून पाजणं राहून जायचं. संध्याकाळी डावी छाती दगडासारखी झाली, त्याच रात्री हुडहुडी भरून ताप. नवरा रजेवर आलेला होता, तो मला तालुक्याला एका खासगी दवाखान्यात घेऊन गेला. दोन मिनिटांत तपासणं झालं, तापाची गोळी मिळाली आणि चिठ्ठीवर पावडरच्या डब्याचं नाव. 'दूध आटू दे, याने भागेल.' डबा आम्ही घेतलाही.

दुसऱ्या दिवशी चौदावा दिवस होता. आशाताईने टेबलावरचा डबा पाहिला, काही बोलली नाही. हात धुतले, गरम पाण्यात पंचा पिळून छातीवर ठेवला, आणि कसं पिळायचं ते स्वतःच्या मनगटावर दाखवलं. मग मुलीला असं फिरवून लावलं की बोंड एकटं तिच्या तोंडात न जाता भोवतीचा काळा भागही जाईल. कळ मस्तकात गेली, मग हळूहळू सैल झालं. संध्याकाळी प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरबाईंनी बाळाला चालतील अशी अँटिबायोटिक्स दिली आणि सांगितलं, दुखऱ्या बाजूने पाजणं थांबवू नका, थांबवलं तर गाठ वाढते. तीन दिवसांत उतार पडला. डबा पुढे पंधरा दिवसांनी मांजराने पाडला.

पंधराव्या दिवशी नवरा मुंबईला गेला. खासगी कंपनीत बापाला हक्काची रजा नसते. त्याने होती ती सगळी वापरली होती.

यानंतरचं मला सलग आठवत नाही. पाऊस पडत होता. 19 जुलैच्या रात्री रायगडात इर्शाळवाडीवर दरड कोसळली, आणि पुढचे दोन-तीन दिवस टीव्हीवर तेच. मी बघत बसायचे. मुलगी झोपली तरी मला झोप लागायची नाही. आढ्याची कौलं मोजायचे, चुकायचे, परत पहिल्यापासून. ती रडली की घ्यायचे, पाजायचे, ठेवायचे. सगळं बरोबर करायचे, आणि ती दुसऱ्या कुणाची तरी आहे, कुणीतरी विसरून गेलंय, असं वाटत राहायचं. जेवण यायचं. दोन घास घेऊन उरलेलं मागच्या दाराने मांजराला. खळ्यातल्या विहिरीकडे बघायचं मी टाळू लागले. इतकंच लिहिते.

बाळंत झाल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी रडू येणं, चिडचिड होणं बहुतेकींना होतं आणि दोनेक आठवड्यांत जातं, हे मला माहीत होतं. ते मला झालं होतं, गेलं होतं. हे त्यानंतर आलं.

26 जुलै, बुधवार, अठ्ठाविसावा दिवस. आशाताई आली, वजन केलं, मुलीचं चांगलं भरलं होतं. मला विचारलं, 'तू बरी मगे?' मी म्हटलं, बरी. तिने खूण केली. तिचा दोष नाही. त्या फॉर्मवर बाळाचेच रकाने जास्त, आईचे थोडे, आणि 'बरी' म्हणणाऱ्या बाईपुढे कुठलाही रकाना काय करणार.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. गुरुवारच्या वयनी काजू कारखान्यात कामाला. कारखान्याची सुट्टी गुरुवारी म्हणून तिने तो वार घेतला होता. चिकाने काळी पडलेली बोटं, बोलणं कमी. बाकीच्या जणी आल्या की आधी पाळण्यात वाकायच्या. ती रिकामी भांडी न्यायला संध्याकाळी आली, आणि त्या दिवशी मांजर कुठेतरी गेलं होतं, म्हणून ताट दुसऱ्या ताटाखाली झाकून खाटेखाली सरकवलेलं तसंच होतं. तिने ते बाहेर ओढलं. बघितलं. मागच्या गुरुवारचं काहीतरी तिच्या मनात जुळलं असावं. मी म्हटलं, मुलगी झोपलीय, दाखवू का?

'चेडवाक बघूक सगळे येतत. मी तुका बघूक इलंय.'

ती खाटेवर बसली. बराच वेळ नुसती बसली. मग स्वतःचं सांगायला लागली, दुसऱ्या बाळंतपणात ती रोज दुपारी शेताच्या मेरेवर (बांधावर) जाऊन बसायची, पोर घरात रडत असायचं, उठवतच नसे. 'कोणी इचारल्यान नाय. सगळे म्हणत, भायरचा लागला.' मला तेव्हा हुंदका आला, बऱ्याच दिवसांतला पहिला.

शुक्रवार तिचा वार नव्हता. कामावर जाण्याआधी ती आशाताईच्या घरी गेली. आशाताई दुपारी उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकारी ताईंना घेऊन आमच्याकडे. या भेटीला कुठल्याच फॉर्मवर जागा नव्हती.

त्या ताईंनी दहा प्रश्न विचारले. एडिंबरा प्रश्नावली म्हणतात तिला, 1987 सालची, बाळंतिणींसाठीच केलेली. गेल्या सात दिवसांत कसं वाटलं, एवढंच विचारतात, आणि सुरुवातच हसण्यापासून: गोष्टींमधली गंमत दिसते का, हसू येतं का. मी त्या प्रश्नावरच अडकले. प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन, एकूण तीस. माझे सोळा झाले. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराचा. तो विचारताना त्यांनी सासूबाईंना चहा ठेवायला पाठवलं होतं. मी खरं सांगितलं. त्या दिवसापासून रात्री माझ्या खोलीत कुणी ना कुणी झोपायला, आणि विहिरीवर सासऱ्यांनी फळ्या टाकल्या, कारण विचारलं तर 'पावसात पानां पडतत'.

शनिवारी ओरोसला सरकारी रुग्णालयात गेलो. रिक्षात मी, मुलगी, आशाताई आणि गुरुवारच्या वयनी. तिने खाडा केला, दिवसाचा पगार सोडला. मानसोपचाराच्या डॉक्टरांनी आधी रक्त बघितलं. हिमोग्लोबिन 8.9, थायरॉइडही तपासायला पाठवलं, कारण बाळंतपणानंतर ते बिघडूनही माणूस असा खचतो. ते ठीक निघालं. मग एक गोळी लिहून दिली. मी पहिला प्रश्न विचारला तो दुधाचा. ते म्हणाले, या गोळीने दूध बंद करायची गरज नाही, पाजत राहा. आणि दोन-तीन आठवडे फरक दिसला नाही तर गोळी सोडू नका. म्हणाले, पाचात एकीला होतं. पुढे मी शोधून वाचलं: भारतातल्या 38 अभ्यासांचा 2017 मध्ये एकत्र आढावा घेतला गेला, त्यात प्रमाण 22 टक्के निघालं. चौदा घरांच्या आमच्या वाडीत म्हणजे किमान तीन बायका मेरेवर बसून आलेल्या.

सासूबाईंनी त्याच संध्याकाळी ग्रामदेवतेसमोर गाऱ्हाणं घातलं. गुरवाच्या प्रत्येक वाक्यामागे 'व्हय महाराजा' म्हणायला अर्धी वाडी. मी आधी चिडले. नंतर लक्षात आलं की ज्या गोष्टीचं नाव घरात घेतलं जात नव्हतं ती आता देवळात मोठ्याने बोलली गेली होती, आणि त्यानंतर वाडीत कुणी कुजबुजलं नाही. गोळी आणि नारळ दोन्ही चालू राहिलं. श्रेय कुणाचं यावर सासूबाईंचं आणि माझं मत वेगळं आहे.

आरोग्य अधिकारी ताईंनी कालनिर्णयवर वारांच्या खाली एक नंबर लिहिला होता, 14416, टेलिमानसचा, फुकट आणि चोवीस तास. ऑगस्टच्या सुरुवातीला एका रात्री दोन वाजता तो लावला. आमच्याकडे नेटवर्क पडवीच्या एका कोपऱ्यातच येतं, तिथेच पन्हळीचं पाणी पडतं. दोनदा लावून कापला. तिसऱ्यांदा पलीकडून मराठीत बाईचा आवाज आला. वीसेक मिनिटं बोलले असेन, निम्मा वेळ 'पावसाचा आवाज येतोय, जरा मोठ्याने बोलता का' यातच गेला. तरी चाललं. झोप लागली.

फरक ऑगस्टच्या मध्यानंतर पडायला लागला, आणि तोही सरळ नाही. एक दिवस बरा, दोन वाईट. एका सकाळी मंगळवारच्या काकीने आपल्या नवऱ्याचा घोरण्याचा आवाज काढून दाखवला आणि मला हसू आलं. मला पहिला प्रश्न आठवला. लोहाच्या गोळ्या 180 दिवसांच्या, त्यांतल्या मी मनापासून शंभरेक घेतल्या असतील.

पैशांचं थोडक्यात. मातृवंदना योजनेचे पहिल्या अपत्याचे पाच हजार माहेरच्या आणि सासरच्या नावांच्या घोळात अडकले आणि बऱ्याच उशिराने आले. आशाताईला मात्र या नियमाच्या सगळ्या भेटींचे मिळून 250 रुपये मिळतात, आणि ती शुक्रवारची भेट, ओरोसची फेरी, दूध साकळलं तेव्हाचा तास, हे त्यात मोजलेलं नाही. ऑक्टोबरमध्ये राज्यभरच्या आशा संपावर गेल्या. आमच्या वाडीत कुणी तिला 'कधी येतलंस' म्हणून विचारलं नाही.

गणपतीच्या आधी, सप्टेंबरमध्ये, भांडी परत करायची ठरवली. अडीच महिन्यांत आमच्याकडे लोकांची एकोणीस भांडी साठली होती. स्टीलवर नावं कोरलेली असतात म्हणून ओळखू आली. कुणाच्या लग्नातली, कुणाच्या मुंजीतली, एका पातेलीवर 1994 सालची तारीख. रिकामं भांडं परत करायचं नसतं. सासूबाईंचा हात सुटला होता, त्यांनी खोबऱ्याच्या वड्या थापल्या. मुलीला कडेवर घेऊन मी घरोघर गेले. पहिल्यांदाच सगळी वाडी चालले.

अठरा भांडी पोचली. एक डबा उरला, नाव नसलेला, झाकणाला पोचा आलेला. सातही घरी विचारलं. गुरुवारच्या वयनीकडे तर दोनदा, कारण तिच्या घरच्या भांड्यांवर नावं नाहीत.

'ह्यो डबो माझो न्हय,' ती म्हणाली, आणि काजूची टोपली घेऊन आत गेली.

सध्या त्यात हळीव आहेत.